चार नंबरचा टेपर

“आवाज ऐकलात?” मगदूममामांनी विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता मशीन बंद केलं.

आवाज मीही ऐकला होता. रेडियल ड्रिल मशीनच्या नेहमीच्या घरघरीत एकदम चिरका कर्र असा सूर आला, मग ‘कट्’, आणि मग पुन्हा घरघर. स्पिंडल फिरत होतं. त्यात धरलेलं अठ्ठावीस मिलिमीटरचं ड्रिल मात्र कास्टिंगच्या अर्ध्या भोकात ताठ उभं होतं, जणू त्याचा त्या फिरण्याशी काही संबंधच नव्हता.

मामांनी स्पिंडल वर घेतलं. ड्रिल खालीच राहिलं. त्याच्या शेंड्याला जी चपटी जीभ असते, जिला कारखान्यात टँग म्हणतात, ती पिळून तुटली होती.

“टँग गेली,” मामा म्हणाले.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सोमवार, सकाळचे पावणेनऊ. मशीनच्या खांबाला खंडेनवमीचा झेंडूचा हार अजून होता, फक्त सुकून अर्धा झाला होता. कुपवाडच्या एमआयडीसीत शेडबाळेअण्णांचा हा कारखाना. मी तिथं तपासणीच्या कामाला लागून तीन महिने झाले होते. बी.एस्सी. फिजिक्स, हातात मायक्रोमीटर, आणि सहा महिन्यांनी कायम करणार की नाही याची धाकधूक.

मामांनी स्पिंडलमधून स्लिव, म्हणजे ड्रिल बसवायची मधली नळी, काढली. दुसरं ड्रिल घेतलं, त्याच्या वरच्या निमुळत्या टोकाला, शँकला, लागलेलं हळदकुंकू फडक्यानं पुसलं, मग तळहातानं पुसलं. स्लिवच्या आत करंगळी घालून गोल फिरवली. बोट एप्रनला पुसलं. स्लिव ड्रिलवर चढवली, दोन्ही मिळून स्पिंडलमध्ये खालून वर सारलं, किंचित पीळ दिला आणि लाकडी ठोकळ्यानं एकदा ठोकलं.

“बसलं बगा,” ते म्हणाले.

पाच मिनिटांनी पुन्हा ‘कट्’.

आता फोरमन घोरपडे आले. उंच, गळ्यात शिट्टी, आणि कुणाचं काही बिघडलं की आधी विनोद करणारा माणूस.

“काय मामा, दसऱ्याला लोक नवीन घेतात, तुम्ही जुनं मोडालाय?”

“स्लिव गेलीय. आत ओरखडे आलेत. दुसरी घेतो.”

“स्लिव गेलीय का फीड जास्त झाला?” फीड म्हणजे ड्रिल लोखंडात दाबायचा वेग.

मामांनी कपाटातून दुसरी स्लिव आणली, तिच्यातही करंगळी फिरवली, ड्रिल बसवलं. या वेळी टँग तुटायच्या आधी ड्रिल भोकात अडकलं, कास्टिंगला हिसका बसला आणि भोकाच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला. पंपाचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं ओतीव कवच, होतं ते. चाळीस नग बुधवारी संध्याकाळच्या ट्रकनं पुण्याला जायचे होते. त्यातला एक आता भंगार झाला.

घोरपडेंनी टवका उचलून खिशात टाकला. “अण्णांना दाखवायला पायजे,” ते म्हणाले आणि ऑफिसकडे गेले.

मामा बाकड्यावर बसले. “घ्या. आजच व्हायचं हुतं.”

‘आजच’ म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला मामांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. आणखी दोन वर्षं ठेवून घ्या, असं त्यांनी अण्णांकडे गणपतीच्या सुमारास मागितलं होतं. “दसरा होऊ दे, मग सांगतो,” असं अण्णा म्हणाले होते. मामांना ते रेडियल मशीन सोडायचं नव्हतं. ते सुट्ट्या भागांत आलं तेव्हा क्रेनची दोरी ओढायला ते स्वतः होते. एकतीस वर्षं त्याच्यावर दुसऱ्या कुणी पाळी केली नव्हती. “घरी बसून काय करू?” ते म्हणायचे. “मंडळी म्हणतात, देवळात जावा. मी देवळात गेलो की समईला तेल किती हाय तेच बगतोय.”

याला आता पाच वर्षं झाली. त्या सकाळी मला जे कळलं होतं आणि जे कळलं नव्हतं, ते वेगळं वेगळं करून सांगायचा हा प्रयत्न आहे.

*

आधी टेपरचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावर आहे.

मोठ्या ड्रिलचा वरचा भाग, म्हणजे शँक, निमुळता असतो. निमुळतेपणा फार थोडा, वीस मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर. स्पिंडलच्या आत तसंच निमुळतं भोक. ना आटे, ना स्क्रू, ना खिळा. खालून वर दाबलं की पोलादाला पोलाद धरून बसतं, आणि ड्रिलनं लोखंड कापताना जेवढा दाब येतो तेवढं ते अजून घट्ट होतं. आमच्या रेडियलचं स्पिंडल चार नंबरच्या टेपरचं, अठ्ठावीसच्या ड्रिलची शँक तीन नंबरची. म्हणून मध्ये एक नळी लागते, बाहेरून चार नंबर, आतून तीन नंबर. तीच स्लिव.

पहिल्या आठवड्यात हे बघितलं तेव्हा मला झोप आली नव्हती. मी कागदावर कोन काढला. मध्यरेषेपासून दीड अंशाच्याही आत. पोलादावर पोलाद घसरायला लागणारा कोन आठ अंशांच्या आसपास. म्हणजे ते आपण होऊन खाली पडणं शक्यच नव्हतं. तो कागद मी मामांना नेऊन दाखवला.

त्यांनी तो चष्मा लावून नीट बघितला. “कोन बरोबर असंल तुमचा,” ते म्हणाले. “पण टेपर कोनानं बसत न्हाई मॅडम, निर्मळपणानं बसतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे आत केस जरी राहिला तरी धरत न्हाई. म्हणून फडक्यानं पुसून भागत न्हाई. फडक्याचं सूत राहतंय. शेवटचा हात तळहाताचा.”

मग रोज माझा एक तरी प्रश्न असायचा. बारीक ड्रिल सरळ शँकची, ती चकमध्ये, म्हणजे जबड्यांच्या पकडीत, धरायची, आणि चक ज्या दांड्यावर बसतो तो आर्बर. मग त्या आर्बरलाही दोन्हीकडे टेपर का? चकमध्ये मिलिंगचं कटर धरून बाजूनं खरवडलं तर चालेल का?

“चालंल की. माधवनगरला एकानं चालवलं हुतं. चक आर्बरसकट निसटून फिरत फिरत त्याच्या बुटावर आला. वरनं दाबलं की टेपर बसतोय, बाजूनं ढकललं की सुटतोय. देवानं तसंच केलंय त्याला.”

“आणि टँग? ड्रिल फिरतं ते टँगमुळेच ना?”

“टँग काढायला,” मामा म्हणाले आणि स्पिंडलच्या खाचेत ड्रिफ्ट नावाची चपटी पाचर घालून, एक ठोका देऊन, ड्रिल अलगद हातात पाडून दाखवलं. “फिरवायला टेपर, काढायला टँग. टँगनं फिरवायची पाळी आली तर समजायचं टेपर सुटला. मग ती तुटणारच. तिचं ते काम न्हाई.”

मी माझ्या वहीत हे लिहून ठेवलं होतं, तारखेसकट.

*

साडेनऊच्या सुमाराला अण्णा स्वतः खाली आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. वडिलांच्या हाताखाली त्यांनी याच शेडमध्ये दुसऱ्या मशिनांवर काही वर्षं काढली होती, असं सगळे सांगत. त्यांनी तुटलेल्या दोन्ही टँग हातात घेऊन बघितल्या. कास्टिंग बघितलं.

“मामा, काय झालं?”

“फीड जास्त झाला असंल, अण्णा.”

मला नवल वाटलं. अर्ध्या तासापूर्वी ते स्लिव गेली म्हणत होते. आता त्यांनी घोरपडेंचंच म्हणणं उचललं होतं.

“तीन वेळा?”

“हात जड झाला असंल. तीन दिवस सुट्टीत गेले, अंदाज सुटला.”

“सुट्टी दोन दिवसांची होती.”

घोरपडे म्हणाले, “अण्णा, मी मागंच म्हणालो होतो. वय होतंय. त्यांचा काही गुन्हा नाही. पण डिप्लोमावाला एक पोरगा आहे माझ्या नजरेत, तो...”

“दुपारी बसू,” अण्णा म्हणाले. “जेवणानंतर. मामा, तुम्ही या. घोरपडे, तुम्ही पण.” मग माझ्याकडे वळून, “तांबवेकर, तोवर तुम्ही बघा काही मापात सापडतं का. दुपारपर्यंत.”

ते गेल्यावर मी मामांना म्हणाले, “मामा, फीड जास्त नव्हता. मी इथंच उभी होते. नेहमीचाच होता.”

“असू दे.”

“पण मग तुम्ही असं का सांगितलंत?”

“जावा तुम्ही, मापं घ्या,” मामा म्हणाले आणि डब्यातली तंबाखू काढली.

मी मापं घेतली. शँकचा व्यास दोन ठिकाणी, बरोबर. तिसऱ्या, न वापरलेल्या स्लिवच्या भोकाची खोली, बरोबर. मग मी टेपर जुळतो का ते निळ्या रंगानं बघायचं ठरवलं. ही पद्धत जुनी आणि सोपी आहे. शँकवर निळ्या रंगाच्या तीन बारीक रेघा ओढायच्या, ती स्लिवमध्ये घालून थोडी फिरवायची आणि बाहेर काढायची. रंग सगळीकडे सारखा पसरला तर टेपर सगळीकडे टेकतोय. एखाद्याच जागी पसरला तर तेवढाच टेकतोय.

मी रेघा ओढल्या, शँक आत घातली, फिरवली, काढली. रंग कुठंच पसरला नव्हता. तो गोळे होऊन सरकला होता, ओल्या काचेवर खडू फिरवल्यासारखा. मी स्लिव उजेडात धरली. आत एक पातळ, पिवळसर, अगदी एकसारखा थर चमकत होता.

ते ग्रीस होतं. ते मी लावलं होतं.

शुक्रवारी, खंडेनवमीला, सकाळपासून काम बंद ठेवून सगळ्यांनी मशिनं धुतली, पुसली. दरवर्षी हत्यारांचं कपाट मामाच साफ करत. त्या वर्षी घोरपडेंनी त्यांना हार आणायला सांगलीला पाठवलं आणि कपाटाकडे कुणी नव्हतं, म्हणून मी ते घेतलं. सगळी ड्रिलं, आर्बर, स्लिव मी रॉकेलनं धुतली, पुसली, नंबरानं लावली. आभाळ भरून आलं होतं, हवा दमट होती, कारखाना दोन दिवस बंद राहणार होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही लोखंडी वस्तू सुट्टीआधी ग्रीसचा पातळ हात देऊनच ठेवत असू. मी प्रत्येक शँकला तसा हात दिला, आणि प्रत्येक स्लिवच्या आतून, काडीला कापूस गुंडाळून, अगदी वरपर्यंत. मग सगळी हत्यारं लाल कापडावर मांडली. अण्णांच्या पत्नीनं हळदकुंकू वाहिलं. “हत्यारं एवढी लखलखीत कधी बघितली नव्हती,” असं अण्णा सर्वांदेखत म्हणाले होते.

आणि मी विचार न करता लावलं होतं असंही नाही. लावण्याआधी मी हिशेब केला होता. ग्रीस लावलेल्या पोलादाचा घसरायचा कोन कमी होऊन पाच अंशांवर येईल. टेपरचा कोन दीड. म्हणजे ग्रीस असलं तरी ड्रिल खाली पडणार नाही. तो हिशेब चुकीचा नव्हता. फक्त दुसऱ्या प्रश्नाचा होता. ड्रिल पडायचं नव्हतंच. ते फिरायचं होतं. लोखंड कापताना येणारा पीळ धरून ठेवायला जेवढं घर्षण लागतं तेवढं त्या थरानं शिल्लक ठेवलं नव्हतं. शँक स्लिवमध्ये घसरून फिरली, सगळा पीळ टँगवर आला, आणि टँग तुटली. तिचं ते काम नव्हतं. हे वाक्य माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होतं.

अर्धा तास मी तपासणीच्या खोलीत बसून राहिले. खरं सांगायचं तर सगळा अर्धा तास मामांचा विचार केला नाही. मला कायम करायला अजून तीन महिने होते. कास्टिंग भंगार, दोन ड्रिलं, दोन स्लिव. ‘स्लिव आतून झिजल्या आहेत’ एवढं लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. ओरखडे आता होतेच, ते कशामुळे आले हे कुणी विचारणार नव्हतं. मी तसं वाक्य लिहिलंही. मग मामा बाकड्यावर बसलेले दिसले, पाय लांब करून, रिकाम्या मशीनकडे बघत. मी कागद फाडला.

मला त्या वेळी हे सगळं फार स्पष्ट वाटत होतं. चूक माझी, आळ मामांवर, आणि मध्ये मी. सांगून टाकायचं, एवढंच काय ते उरलं होतं.

*

ऑफिसात अण्णा, घोरपडे आणि मामा आधीच बसले होते. मी आत जाऊन ती न वापरलेली स्लिव टेबलावर ठेवली.

“अण्णा, मामांची काही चूक नाही. यात ग्रीस आहे. मी लावलं होतं. खंडेनवमीला. सगळ्या स्लिवना आतून लावलं होतं, गंज चढू नये म्हणून.”

“टेपरला?” अण्णांना आधी हसू आलं. “टेपरच्या आत ग्रीस?”

“हो.”

“घोरपडे, ऐकलंत का? आपण एम.एस्सी.ची बाई ठेवायला पाहिजे होती, बी.एस्सी.ला एवढंच शिकवतात.” मग हसू गेलं. “तांबवेकर, तुम्हाला कपाटाला हात लावायला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“विचारलं होतंत कुणाला?”

“नाही.”

“ड्रिलं, स्लिव, कास्टिंग. आणि माणसाचं नाव खराब, ते वेगळंच.”

“म्हणूनच सांगायला आले,” मी म्हणाले. बोलणी खाल्ली, झालं. मी मामांकडे बघितलं. ते टेबलावरच्या स्लिवकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला नव्हता.

अण्णांनी स्लिव उचलली. आत करंगळी घातली, फिरवली, बाहेर काढून अंगठ्यावर घासली. पुन्हा घातली. मग हळूच विचारलं, “मामा, तुम्ही बोट फिरवलं नव्हतं आत?”

“फिरवलं होतं,” मी म्हणाले. “मी बघितलं ना. दोन्ही वेळा फिरवलं. सगळं नेहमीसारखं केलं त्यांनी.”

घोरपडेंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या खोलीत ही गोष्ट सर्वांत शेवटी मला कळली. अण्णा बोटावरचं ग्रीस टेबलाच्या कडेला पुसत होते. एवढं ग्रीस, की हात लावताच कळावं.

“मग?” अण्णा म्हणाले.

“पुसलं गेलं असंल थोडं,” घोरपडे मध्येच म्हणाले. मला वाटतं ते त्यांना मनापासून वाटलं म्हणून नव्हे, तर काहीतरी बोलावं म्हणून.

अण्णांनी टेबलाच्या खणातून एक कोरी मोजपट्टी काढली, तिच्या अर्ध्या भागाला तेच ग्रीस लावलं. “मामा, जरा डोळे मिटा.”

“परीक्षा नको, अण्णा,” मामा म्हणाले. “न्हाई कळत मला.”

“कधीपासून?”

“पायाला चार वर्षं झाली. बोटाला ह्या उन्हाळ्यापासनं.”

“साखर?”

“साखर.”

“आणि फिरत्या ड्रिलजवळ हात घालत होतात? सहा महिने?”

“डोळ्यानं बगून घालत हुतो.”

“मामा!” अण्णांचा आवाज एकदम चढला आणि तसाच खाली आला. “बोट गेलं असतं तर कळलं पण नसतं तुम्हाला.”

“कळलं असतं की. रगत दिसतंय.”

अण्णांनी मोजपट्टी पुसून खणात ठेवली. मग म्हणाले, “आजपासून रेडियलवर उभं राहायचं नाही. दोन वर्षं देतो मी तुम्हाला, दसऱ्यानंतर सांगतो म्हणालो होतो ना. पण स्टोअरमध्ये. टेबलाजवळ. मशीनजवळ नाही.”

“बगतो,” मामा म्हणाले आणि उठले.

*

ते शेडच्या मागे नळापाशी हात धूत होते. मी मागून गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“मामा, मला वाटलं...”

“तुम्हाला वाटलं मी सुटंन.”

“हो.”

“बरोबर हाय. मला पण वाटलं असतं.” त्यांनी साबण ठेवला. “फीड जास्त दिला म्हणून अण्णा शिव्या देणार हुते. दोन दिवस फुगून बसले असते. एकतीस वर्षांत अशा चार येळा शिव्या खाल्ल्यात मी त्यांच्या, आणि त्यांच्या वडलांच्या. माणूस राहतोय त्यातनं.”

“तुम्हाला माहीत होतं? ग्रीसचं?”

“तिसऱ्या ड्रिलला वास आला. नाक शाबूत हाय अजून. म्हटलं, मॅडमनी हात मारलाय. आता निवांतपणी सगळं धुऊन काढू, कुणाला कळायचं न्हाई. तुम्ही पण सुटला असता, मी पण.”

“मला खरंच माहीत नव्हतं, मामा. बोटांचं.”

“कसं असणार? मी घरात पण सांगितलेलं न्हाई.” मग ते माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. “पण सकाळी तुम्ही विचारलं, असं का सांगितलंत म्हणून. मी म्हटलं, जावा, मापं घ्या. आणि तुम्ही गेला. एरवी एका उत्तरावर कधी गेला न्हाई तुम्ही.”

मी म्हणाले, “पण एखाद दिवशी तुमचा हात गेला असता.”

“गेला असता,” मामा म्हणाले. “हात माझा हुता.”

त्यांनी ओले हात एप्रनला पुसले आणि मला म्हणाले, “चला. एकोणचाळीस नग पडलेत. रॉकेल काढा.”

त्या दुपारी मी सगळ्या स्लिव, आर्बर आणि शँका पुन्हा रॉकेलनं धुतल्या. मशीनवर घोरपडे उभे राहिले. मामा तीन पावलं लांब, हात पाठीमागे बांधून. “अजून जरा दाबा. हां. चिरका आवाज आला की सोडा. कीस कसा निघतोय तो बगा, निळा व्हायला लागला तर सावकाश.” घोरपडेंनी त्या दिवशी एकही विनोद केला नाही. प्रत्येक ड्रिल बसवण्याआधी ते शँक माझ्याकडे द्यायचे आणि मी तळहातानं पुसून परत करायची. बुधवारी सहाच्या ठोक्याला ट्रक गेला.

स्टोअरची जागा मामांनी घेतली नाही. “टेबलापाशी बसून नटबोल्ट मोजायचे, तर ते घरी पण हायत,” असं अण्णांना म्हणाले. अण्णांनी दोनदा समजावलं. मी एकदा. घोरपडेंनी किती वेळा ते मला माहीत नाही, पण एकदा त्यांना मामांच्या घरून संध्याकाळी परत येताना मी पाहिलं होतं.

एकतीस तारखेला जेवणाच्या सुट्टीत निरोपाचा कार्यक्रम झाला. रेडियलच्या शेजारीच खुर्च्या मांडल्या. अण्णांनी शाल घातली, नारळ दिला. घोरपडे बोलायला उभे राहिले आणि चौथ्या वाक्याला गाडी अडली, तरी थांबेनात. कँटीनवाल्यानं स्टीलच्या पेल्यांतून चहा आणला, उकळता. आम्ही सगळ्यांनी पेले काठाला दोन बोटांत धरले, कुणी रुमालात. मामा पहिल्या खुर्चीवर बसले होते. डाव्या हातात नारळ, उजव्या मुठीत पेला, सगळी बोटं पेल्याभोवती घट्ट. ते घोरपडेंकडे बघत होते.

मी उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन वाकले.

“मामा, गरम आहे.”

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पेल्यातल्या वाफेकडे. पेला खाली ठेवला. तळहात उलटा करून बघितला. लालभडक झाला होता.

“बरं झालं सांगितलंत,” ते म्हणाले, आणि हात शालीखाली घेऊन पुन्हा भाषण ऐकायला लागले.